सासरे, मी आणि एकच स्लीपिंग बॅग

थोरल्या साडूभाऊंस धाकट्या जावयाचा आदरपूर्वक नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि ताईंचा खोकला थांबला का, ते आधी कळवा. इकडे सगळे सुखरूप आहोत. (मागच्या मंगळवारी दुपारी हे वाक्य माझ्या हातून लिहून झालं नसतं, म्हणून आज जरा ठळक काढलं आहे.)

मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, माझं चालणं म्हणजे स्टुलापासून कपाटापर्यंत. तरी सासऱ्यांनी जाहीर केलं की आपण दोघांनी पाठीवर बोजा घेऊन तीन दिवस डोंगर तुडवायचे. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती नाही. हवा पावसाळी आहे, गारठा आहे, असं मी चाचरत सुचवून पाहिलं. आपण काही मिठाचे नाही, एवढं ऐकवून त्यांनी विषय मिटवला.

मी भित्रा, त्यामुळे तयारीही भित्र्याची. सुके कपडे, लोकरी मोजे, स्लीपिंग बॅग, सगळं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, तोंडाला दोन-दोन रबरं. ते पाहून सासऱ्यांनी किराणा कुठे पोचवायचा आहे, असं विचारलं. त्यांचं सामान सरळ रेषेत घडी घातलेलं आणि उघडं. अंगात सुती शर्ट (सुती शर्टात माणूस सभ्य दिसतो म्हणे).

पाऊस वरून पडतो असा माझा समज होता. दुसऱ्या दिवशी तो समोरून आला, मग बाजूने, आणि शेवटी रेनकोटाच्या बाहीतून वर चढला. दोनच्या सुमाराला सासरे गप्प झाले. पहिली दहा मिनिटं मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ते सपाट वाटेवर अडखळले. दात वाजायचे, तेही थांबले. एका दगडावर बसून, फार उकडतंय म्हणत ते रेनकोटाची बटणं चाचपू लागले, आणि बोटांना बटणं सापडेनात. गारठ्याने भान गेलं की काय म्हणून मी घाबरून विचारलं, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?

ते बटणं चाचपतच राहिले. म्हणाले, "विचारून सांगतो."

साडूभाऊ, केसाएवढी स्प्रिंग बसवणारे हे हात, पण तंबूची काठी भोकात जाईना. कसाबसा तंबू उभा केला, त्यांचे ओले कपडे उतरवले (सगळे), अंग टिपलं, माझा स्वेटर, टोपी आणि मोजे चढवले. त्यांच्या स्लीपिंग बॅगमधून पाणी निथळत होतं, म्हणून त्यांना माझ्या बॅगेत घातलं. तंबूच्या तोंडाशी स्टोव्हवर साखरपाणी तापवून घोट-घोट पाजलं. तरी हात गारच. मग मीही ओलं काढून त्याच बॅगेत शिरलो. बॅग एका माणसाची. माझा कान त्यांच्या छातीवर. जन्मभर टिकटिक ऐकत आलो, पण इतका जीव मुठीत धरून कधी ऐकली नव्हती.

अर्ध्या तासाने ते पुन्हा कुडकुडू लागले, अंगात ऊब परतत होती, आणि मला रडू आलं. कुडकुडतच म्हणाले, "ती गेल्यापासून घरीही असंच गार वाटतं."

सासूबाईंविषयी ते पहिल्यांदाच बोलत होते; मी बॅगेची चेन गळ्यापर्यंत ओढली. संध्याकाळी तंबूची काठी काटकोनात नाही म्हणून त्यांनी मला झापलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या सकाळी जवळच्या वाटेने उतरलो. डॉक्टरांनी त्यांना तपासून ठणठणीत ठरवलं, आणि मला झोपेची गोळी दिली.

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. कपडे उतरवल्याचा मजकूर ताईंना वाचून दाखवू नका.

आणखी एक. पत्राचं खरं कारण हे, की आम्ही मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. ऊन येतं, खिडकी घट्ट लागते. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं. पण हे त्यांना विचारायचं कोणी? तुम्ही थोरले, तुम्हीच विचारा, आणि माझं नाव घेऊ नका. मी रोज सकाळ-संध्याकाळ विचारायला म्हणून त्यांच्या घरी जातो, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतो आणि परत येतो. काल त्यांनी विचारलं, "जावईबापू, या घड्याळाला दिवसातून दोनदा चावी लागते का?"

मी हो म्हणालो.