जावयाला सोडलेला डाव

२५ ऑक्टो. १९५४, पिंगळी
सेलूहून दुपारच्या गाडीने आलो. कापसाचे दिवस, जिनिंगमागच्या खोलीत अडत्यांची बैठक भरात होती, तरी उठलो. शांताचा दिवाळसण. जावई दिगंबर ताडकळसचा, सरळ शेतकरी माणूस. त्याच्या घरी सांगितलंय, मी कापसाची दलाली करतो. पंधरा वर्षं तीन पत्तीवर घर चालवलं, पण सांगायची सोय नाही.

२७ ऑक्टो., पाडवा
जेवणं झाली. दि.ने पत्ते काढले. "मामा, शकुनाचा एक डाव व्हऊ द्या की."
ही चुलीपासून म्हणाली, "जावायाला हरवू नका बरं, सणाचं हाय."
हातात तीन राजे आले होते. पालथे टाकले. तो साध्या जोडीवर जिंकला आणि काय फुलला! शां. पण हसली. बरं वाटलं.
सेलूत नव्या गिऱ्हाइकाला मी असाच पहिला डाव सोडतो. पत्ते टाकताना ते मनात आलं होतं, तरी टाकले.

६ जाने. १९५५
शां. एकटीच आली.
"बापू, त्यायचं ध्यान शेतात न्हाई आता. बाजाराच्या दिवशी पत्त्यावर बसायलेत. म्हणतेत, मामाला हरवलंय मी."
तिला माझा धंदा लहानपणापासून माहीत. कधी बोलली नाही. आज बोलली, "सेलूला जायचं म्हणायलेत. तुमीच बसा त्यायच्यासंगं. पार हरवा."
बरं म्हणालो. हरलेला माणूस काय करतो, ते तिला कसं सांगू?

९ जाने., सेलू
दि. आला. मला बघून दचकला, मग हसला. "म्हंजे मामा, ही तुमची दलाली."
दया केली नाही. चार डावांत कोरडा केला. आता उठेल म्हणून थांबलो. त्याने कनवटीतून बोरमाळ काढून सतरंजीवर ठेवली. शां.ची. लग्नात मीच घातलेली, याच खोलीतल्या कमाईची.
उठलो असतो तर दुसऱ्या कुणी नेली असती. जिंकलो. स्वतःचीच किळस आली.

१० जाने., पिंगळी
गाडीत दि. शेजारी बसला. "जरासंच हुकलं, मामा. पुढल्या बाजाराला बसू." चेहरा उतरलेला नाही. असल्याच चेहऱ्यांवर मी पोट भरलं.
तो तसाच पुढे ताडकळसला गेला. घरी शां. दारातच. "हारले का?"
"हारला."
"मग आता सोडतेन."
पिशवी भरायला बसली आहे. तिची पहिली संक्रांत, उद्या निघते. हळदीकुंकवाला बोरमाळ घालीन म्हणते.
बोरमाळ माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. दिली, तर पुन्हा त्याच सतरंजीवर येईल. तिला वाटतं, ती ताडकळसच्या पेटीत आहे.