कपाटाच्या किल्लीसाठी पाच दिवस

आदरणीय दाजी,

रंगाच्या कारखान्यातल्या एकशे चौदा टेबलांपर्यंत एकट्याने वायर ओढणारा, हॉस्पिटलने भंगारात काढलेल्या चादरींच्या कपाटाला न्हाणीघरातले दोन पंखे बसवून त्याचं सर्व्हरचं कपाट करणारा, ते तापलं की सायकलची घंटा वाजावी अशी सोय करणारा, आणि तुमच्या औषधांच्या दुकानात चार कॅमेरे व बिलाचा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडून देणारा (चौथा कॅमेरा तिरका दिसतो, तो भिंतीचा दोष) असा जो तुमचा मेहुणा, त्याचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की नुसते ताईला सांगता की केले म्हणून? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

झालं असं की कारखान्यात नवा नियम आला. सर्व्हरच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे सायबर सुरक्षेच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र हवं. प्राथमिक, दाजी! एकवीस वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला आहे. कपाट मी केलं, कुलूप मी बसवलं, आणि आता मी ‘प्राथमिक’ शिकायचं. मॅनेजर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणा, नाहीतर किल्ली हिशेबनिसाकडे द्या. हिशेबनिसाकडे! जो माणूस पडद्याचं बटण दाबतो आणि कॉम्प्युटर बंद केला म्हणून घरी जातो!

गेलो. रोज सकाळी तीन तास, असे पाच दिवस, फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बावीस खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, ती मला (पहिल्याच दिवशी कागदाची घडी घालून मी ती सरळ केली, कोणी आभार मानले नाहीत). शिकवायला माझ्या थोरलीच्या वयाच्या बाई. त्यांनी नेटवर्कचं चित्र भिंतीवर दाखवलं, त्यात तीन चुका. मी उठून तिन्ही सांगितल्या. बाई वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. मला वाटलं, चुका लिहून घेतायत. चांगली मुलगी आहे, म्हटलं, शिकेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की भामटे लोक यंत्र फोडत बसत नाहीत, माणसाला बोलतं करतात. आणि पुढच्या दोन दिवसांत तुम्हालाही कोणीतरी फसवू पाहील, तो परीक्षेचाच भाग. त्याच संध्याकाळी मला बक्षिसाचा मेल आला, मी पुसून टाकला. पार्सल अडकल्याचा आला, तोही पुसला. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या गृहस्थाला तर मी असा झापला की त्याने क्षमा मागितली. बायकोला म्हटलं, बघ, मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. ती म्हणाली, “मुहूर्त बघून येईल.”

चौथ्या दिवशी दुपारी कारखान्यात फोन. एक बाई, अतिशय अदबशीर. कारखान्यांच्या मासिकात तुमच्याबद्दल लेख येतोय, एकच गोष्ट पडताळायची आहे: तुमचं नेटवर्क बाहेरच्या कंपनीने उभारलं ना?

दाजी, तुम्हीच सांगा. उद्या कोणी म्हणालं की ते औषधांचं दुकान तुमच्या सासऱ्यांनी थाटून दिलं, तर तुम्ही गप्प राहाल?

मी एक्केचाळीस मिनिटं बोललो. कोणती वायर कुठून गेली, कपाट कुठून आणलं, दुसरी किल्ली आगीच्या बादलीमागे कशी सुरक्षित आहे, सगळं. ती म्हणाली, पासवर्ड आठ अक्षरांचा असेल, सगळे तेवढाच ठेवतात. आठ? मी म्हटलं, चौदा! एवढा कसा लक्षात राहतो, तर ताईचं लाडाचं नाव आणि तिचं जन्मसाल, विसरेन कसा? मग तिने तो लिहून घेऊन वाचून दाखवला, तो चुकीचा. मी अक्षर अन् अक्षर सांगून दुरुस्त करून दिला.

ती फोनवाली म्हणजे वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्याच दारात बसणारी बाई. चार दिवस मला चहा आणून देत होती.

पाचव्या दिवशी तो फोन वर्गाला ऐकवला. पूर्ण. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका बँकेच्या कारकुनाला हसता हसता चष्मा काढावा लागला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “काका, तुम्ही लोभाला भुलत नाही, धमकीला भीत नाही. कोणी चुकीचं बोललं की मात्र तुम्हाला राहवत नाही.” मी विचारलं, मग चुकीचं बोलू द्यायचं? म्हणाल्या, “हो.” हो, दाजी! हे शिक्षण!

लेखी परीक्षेत मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव (उरलेले दोन ज्या प्रश्नाचे, तो प्रश्नच चुकीचा होता, चार पानी तक्रार दिली आहे). प्रात्यक्षिकात मात्र नापास. बाईंनी दोन अटींवर संधी दिली. पहिली, पुन्हा फोन येईल तेव्हा काही सांगायचं नाही. तो परवा आला. एक गृहस्थ म्हणाले, तुमचं ते सर्व्हरचं कपाट बाजारातून तयार आणलंय ना, चांगलं स्वस्तात मिळालेलं दिसतं.

मी गप्प राहिलो. रुमाल तोंडात धरला होता. मागे सायकलची घंटा वाजायला लागली, तेव्हा हिशेबनीस धावत आला आणि आधी कपाटाला हात लावून पाहिला, मग माझ्या कपाळाला. पण मी फोन ठेवला तो एक शब्द न बोलता. पास झालो, दाजी.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. दुसरी अट ही की तो पासवर्ड जिथे जिथे आहे तिथे बदलायचा. सहा ठिकाणी होता. पाच झाली. सहावं तुमचं दुकान. शनिवारच्या आत बदलून मला कळवा, नाहीतर किल्ली गेलीच समजा. जुना टाकताना ताईने तुम्हाला सांगितलेलं जन्मसाल टाकू नका, उघडणार नाही. त्यातून तीन वजा करा.

ता. क. वरचा ता. क. ताईच्या हाती लागू देऊ नका. किंबहुना सगळं पत्रच वाचून फाडा. आत्ता पुन्हा वाचताना लक्षात आलं की बादलीचंही मी लिहून बसलोय.

ता. क. संस्थेने मला बोलावून विचारलं, दर महिन्याला नव्या तुकडीला तो फोन ऐकवू, तुम्ही शेजारी नुसते उभे राहाल का? मी ताबडतोब नकार दिला. बायको सगळ्यांना सांगत सुटली आहे की दर खेपेचे दहा हजार घालवले. तुमच्यासमोर कोणी तसं म्हणालं तर कृपा करून गप्प बसू नका. साडेबारा हजार.