आवडाक्काला शून्य गुण

२० जुलै, रविवार

शून्य! दहापैकी शून्य! आजवर माझ्या चॅनेलवर सिनेमातल्या कुठल्याच बाईला दिले नव्हते, आज आवडाक्काला दिले. सकाळी गच्चीवर शूट केलं, दुपारी व्हिडिओ टाकला, आणि तेव्हापासून फोन थांबायचं नाव घेत नाहीये.

सिनेमा पेशवाईतला. भाऊ बायकोला मारतो, ती मदतीला हाका मारते, आणि ही नणंद – आवडाक्का – आपल्या खोलीचं दार आतून लावून घेते. वर सकाळी त्याच भावजयीच्या पाठीला हळद लावायला हजर! मी म्हणाले, काळ तसा होता ही पळवाट आहे. दाराची कडी काढायला कुठलाच काळ आडवा येत नाही. मला त्या नवऱ्यापेक्षा ह्या बाईची जास्त चीड येते. बोलताना आवाज चढला. खरंच चढला, नाटक नव्हतं.

वर्षावहिनी कपडे वाळत घालता घालता ऐकत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही भारी बोलतस." दादाची बायको म्हणून म्हणत नाही, पण घरात माझं कौतुक त्यांनाच.

२२ जुलै, मंगळवार

कापड मार्केटच्या ऑफिसात, सोबत काम करणाऱ्या अकोल्याच्या ताराशी जुंपली. पार्सलं बांधता बांधता म्हणते, "अवं, ते बालविधवा हाय. भावाच्या घरचं खाते. दार उघडलं असतं त दुसऱ्या दिवशी जाती कुठी?"

मी म्हणाले, विहिरीत जाती, पण मान ताठ ठेवून जाती. सगळे हसले. तारा हसली नाही. "तू तिले तुह्या मापानं मोजून रायली," एवढं म्हणून पुन्हा टेप फाडायला लागली.

अकोल्याच्या माणसांना वाद कसा घालायचा ते कळतं, हरायचं कसं ते कळत नाही – असं तोंडावर म्हणून आले. फार मजा आली.

२५ जुलै, शुक्रवार

आज काही लिहीत नाही.

२६ जुलै, शनिवार

लिहायलाच हवं.

काल संध्याकाळी माय आणि आबा कानबाई देवीच्या उत्सवाच्या तयारीसाठी लिंबायतला काकांकडे गेले होते. घरात आम्ही तिघंच. दादा मिलमधून आला. वहिनी मोबाईलवर माझाच व्हिडिओ बघत होत्या, त्या नादात भात करपला. आधी दादाचा आवाज. मग भांडं आपटल्याचा. मग वहिनींचा – "हात सोडा, हात!" आणि मग एकदा, मोठ्याने, मला हाक – "धनाताई!"

मी माझ्या खोलीत कॉमेंट्सना उत्तरं देत होते. हेडफोन घातले. गाणं लावलं. आवाज वाढवला.

बस. एवढंच केलं.

पहिल्यांदा झालं असतं तर म्हणता आलं असतं, काही सुचलं नाही. पहिली वेळ नव्हती. शी!

२७ जुलै, रविवार

वहिनींचं मनगट सुजलंय. पोळ्या डाव्या हाताने लाटत होत्या. मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणली आणि गुपचूप ओट्यावर ठेवली. ठेवताना एकदम आवडाक्काची हळद आठवली. पाणीसुद्धा न पिता ऑफिसला पळाले – आणि तिथे गेल्यावर कळलं, आज रविवार!

व्हिडिओखाली एका मुलीने लिहिलंय – ताई, तुझ्यासारखी नणंद सगळ्यांना मिळो. मी तिला बदाम पाठवला. सवयीने. मग काढून घ्यायचं धाडस झालं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. गोडादऱ्यातले सगळे भाऊबंद आमच्याकडे. वहिनींनी नारळाला नथ घातली, शालू नेसवला, सगळं एका हाताने. घरातल्या पुरुषांच्या नावाने नैवेद्याला करायच्या रोटांचं पीठसुद्धा त्यांनीच मळलं. दादा आल्यागेल्याला हात जोडून या-बसा करत होता. इतका गोड दिसत होता की मलाच वाटलं, मी त्या दिवशी काही वेगळंच ऐकलं असेल.

वहिनींचे वडील वाल्मिकअण्णा दोंडाईच्याहून आलेले. त्यांनी लेकीचा हात धरला. "वर्षा, हातले काय व्हयनं वं?"

वहिनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. "मोरीत पाय घसरला, अण्णा."

मला कोणी विचारलं होतं का? कोणीच नाही! वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जन करून आलो. अण्णांनी लेकीला काय विचारलं, ती काय म्हणाली, माहीत नाही. पण अण्णा चहासुद्धा न घेता तिला घेऊन बमरोलीला, आपल्या पुतण्याकडे गेले. जाताना आबांना म्हणाले, "आते समाजमा बसू."

५ ऑगस्ट, मंगळवार

मला नोकरी आहे. माझा पगार माझ्या खात्यात येतो. बायकांच्या मदतीचा १८१ नंबर पाठ आहे. आवडाक्काकडे ह्यातलं काय होतं?

७ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी समाजाच्या हॉलमध्ये बैठक झाली. दोन्हीकडची माणसं समोरासमोर सतरंजीवर. वहिनी डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादा म्हणाला, मी हातही लावला नाही, घसरून पडली. अण्णा म्हणाले, मन्ही पोर खोटं नही बोलस.

मग दत्तूआप्पा माझ्याकडे वळले. समाजात त्यांचा शब्द शेवटचा. "बेटा, तू घरमा व्हती. तू शिकेल शे. तू सांग, काय ऐकं?"

मायने माझा गुडघा दाबला. जोरात नाही, नुसता हात ठेवला.

मी म्हणाले, "मना कानमा हेडफोन व्हतात, आप्पा. काहीच ऐकू नही उनं."

एक-दोघं हसले. आजकालनी पोरं, कोणीतरी म्हणालं. हॉलमधला ताण सैल झाला, चहा आला. आप्पांनी निकाल दिला – कोनी देखं नही, कोनी ऐकं नही, घरनी गोट घरमा मिटाडा, रविवारे पोरले धाडी द्या.

वाक्यातला शब्दही खोटा नाही! हेडफोन कानात होतेच. घरी येईपर्यंत रिक्षात हेच घोकत होते. कुणाला पटवत होते, देव जाणे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सिनेमातला तो प्रसंग पुन्हा पाहिला. कडी लावल्यावर आवडाक्का दाराला पाठ लावून खाली बसते आणि तोंडात पदर कोंबते. गदगदा हलत असते. हे मी पहिल्यांदा पाहिलंच नव्हतं. पाहिलं असेल तरी मोजलं नव्हतं. ती निदान रडली. मी त्या वेळी कुणालातरी हसरा चेहरा पाठवत होते.

माझी मला लाज वाटते. इथे लिहिलं तरी कमी होत नाही.

व्हिडिओ काढून टाकायला गेले. बघणारे अजून वाढतायत. नाही काढला. हीपण माझीच करणी.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. दादाला ओवाळलं. त्याने ओवाळणीत माईक दिला, कॉलरला लावायचा, चांगल्यातला. म्हणाला, "आता तुझा आवाज एकदम क्लिअर येईल बघ." मायचे डोळे भरून आले. बहीण-भावाचं किती प्रेम!

मी थँक्यू दादा म्हणाले. पेढा भरवला. मग मोरीत जाऊन ओकले.

उद्या रविवार. उद्या वहिनी येणार.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळीच अण्णांना फोन लावला. दादा समोर चहा पीत होता, तरी लावला. म्हणाले, वहिनींना पाठवू नका. मी सगळं ऐकलं होतं. आप्पांपुढे उभी राहून सांगते. दादाने कप ठेवला. पलीकडे अण्णांनी फोन वहिनींकडे दिला. मग वहिनींचा आवाज – "माहीत व्हतं, ताई. झरोकामाईन तुमना खोलीना लाइट दिखे. मी हाक मारी, अन् लाइट बंद व्हई गया."

लाइट मी बंद केला होता. हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.