छावणीचं गोड पाणी

अब्बा, तुम्ही मला मराठी शाळेत घातलं, म्हणून हे मराठीतच लिहितेय. रजेवर जळकोटला आलात की खांद्यावरची फौजी बाटली आधी चुलीपाशी यायची. तळाशी छावणीच्या बोअरचं घोटभर पाणी माझ्यासाठी राखलेलं. "बघ, किती गोड!" अम्मी भाकरी थापता थापता म्हणायची, "पाणीबी फौजेतलं आणलं, मग साखर का न्हाई आणली?" तुम्ही हसायचात. तसं या घरात पुन्हा कुणी हसलं नाही. तुम्ही गेल्यापासून आम्ही दोघीच, आणि अम्मी दिवसभर तस्बीहचे मणी ओढत बसते. लई एकटं वाटतं, अब्बा.

मग तुमचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. गल्लीनं ठरवूनच टाकलं, फौजेत रम मिळते, दुसरं काय! मुसलमानाच्या घराबद्दल ही बोलणी; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही झोपलात की मी तुमच्या तोंडाचा वास घेऊन बघायचे. एकदा तुमची ट्रंक उचकताना तुम्ही मला पाहिलंत. रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, "मैं नै पीता, बेटा." माझा विश्वास बसला नाही.

परवा छावणीत तुमच्या वर्कशॉपमध्ये असलेले अणदूरचे काका आले. इंजिनाचे भाग धुऊन उरलेलं रसायन तुम्ही सगळे मागच्या खड्ड्यात ओतायचात म्हणे. ते झिरपत बोअरला लागलं. आता ते बोअर बंद केलंय. तिथं बरीच वर्षं राहिलेल्या आणखी दोघांचं लिव्हर असंच गेलं. "तुझ्या बापाच्या वाट्याची रम मीच प्यायलो, पोरी. त्यानं थेंब न्हाय घेतला. माझी वर्षातच बदली झाली, म्हणून वाचलो." काका रडत होते. अम्मी म्हणाली, "मला म्हाईत होतं." म्हणजे माहीत नव्हतं ते मला एकटीलाच.

तुमचं दुखणं फौजेनं नोकरीतलं धरावं, अम्मीला वाढीव पेन्शन मिळावी, म्हणून काका आता अर्ज करणार आहेत. तेव्हा का धरलं नाही ते दवाखान्याच्या कागदावरून कळेल, शोधून ठेव म्हणाले. सापडलाय, समोरच आहे. तुम्हाला दवाखान्यात भरती करताना नर्सनं फॉर्म माझ्या हातात दिला होता. तुम्ही ग्लानीत होतात, मग लिहिता येणारी मीच. व्यसनाच्या रकान्यात 'दारू, रोज' लिहिलंय. अक्षर माझं आहे. अम्मीला वाचता येत नाही, म्हणून इतकी वर्षं निभावलं. शुक्रवारी काका येतील आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचतील. त्याआधी मी तिला सांगायला पाहिजे. ती शेजारच्याच खोलीत आहे, अब्बा, आणि मी इथं तुम्हाला लिहीत बसलेय.