विसरोबाची पक्कड

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

पोचले. खोली मिळाली. तिला खिडकी आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या कुणाची तरी भिंत आहे. फोनवर तू हो-नाहीच्या पुढे जात नाहीस, म्हणून हा कागद. उत्तरही कागदावरच हवं.

मला मीटरच्या गोदामात बसवलंय. दिवसभर जुने मीटर येतात, मी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवते. फोन वाजतच नाही. इतकी वर्षं कंट्रोल रूममध्ये काढल्यावर कान असा झालाय की कुठे पेला पडला तरी हात पुढे जातो. बदलीच्या कागदावर साहेबांनी लिहिलंय, ही बदली माझ्या प्रगतीसाठी आहे. प्रगती जोरात चालू आहे, काळजी नसावी.

माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. खांबावरून खाली आलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने फोनवर 'उतरलो' म्हणायचं, आणि सगळ्यांचे आवाज ऐकल्याशिवाय लाइन चालू करायची नाही, ही रीत काही मी काढलेली नव्हती. आपले बाबा लाइनमन झाले त्याच्याही आधीची ती. आणि एकदा तो शब्द दिला की माणूस पुन्हा खांबाला पाय लावत नाही, वर काहीही राहिलेलं असो. साहेबांना त्यात नुसती मिनिटं वाया जाताना दिसली. मुकादमाने एकट्याने सगळ्यांच्या वतीने सांगितलं तर काय बिघडतं, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. ज्याचा जीव त्याचा आवाज, असं मी म्हटलं. त्यावर कुणी मान वर केली नाही. तूही नाही, पण ते जाऊ दे.

विसरोबाला सांग, इथे मला चहाचं कुणी विचारत नाही. तुझा हा दोस्त नेहमी सगळ्यांत शेवटी फोनवर यायचा, 'उतरलो' म्हणायचा आणि त्याच दमात ताई, चहा झाला का, असं विचारायचा. दोन कप पोटात गेलेले असले तरी मी नाही अजून, असंच म्हणायचे. मग लाइन चालू करायचे.

माया इकडून निघाली आहे, तिकडून थोडी परत पाठव.
तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बायकोने आधी वाचलं, मग मला वाचून दाखवलं आणि 'तूही नाही' या ओळीवर मुद्दाम थांबून माझ्याकडे पाहिलं. घरात तुझी बाजू घेणारं माणूस आहे, एवढं समजून घे.

बातमी अशी की मला मुकादम केलंय. आता मी चढत नाही, खाली उभा राहून मान दुखवून घेतो. सगळे साहेबांना मिनिटसाहेब म्हणतात, पण माणूस अगदीच वाईट नाही ग. नवे हातमोजे आले, तेही दोन्ही हातांचे. प्रत्येकाला नावाने हाक मारतात. कॅन्टीनमधलं बाकडं मात्र काढलं. त्याच भिंतीवर आपण एक कुटुंब आहोत असा मोठा फलक लावलाय, तो आम्ही उभ्याने वाचतो. शेजारी दुसरा फलक, कुठल्या टोळीने किती मिनिटांत लाइन चालू केली त्याचा. आमची टोळी खालून दुसरी.

विसरोबा तसाच आहे. त्याची टोपी वर राहिली होती ती आठवते ना? तुला 'उतरलो' म्हणून झालं होतं, म्हणून गडी पुन्हा चढला नाही. पुढचं काम निघेपर्यंत टोपी तारेच्या खाली लटकत राहिली आणि लोक एकमेकांना पत्ता सांगायला लागले, टोपीच्या खांबापाशी वळा म्हणून. परवा मी तो विषय काढला तर म्हणाला, त्या खांबाचं नाव तरी माझ्यामुळे झालं.

तुझी आठवण तो रोज काढतो. कंट्रोल रूमवर नवी मुलगी आलीय, तिला फक्त माझाच आवाज माहीत आहे.

ताईगिरी चालू ठेव, आम्हाला सवय आहे.
तुझा धाकटा


१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

मुकादम झालास, बाबा असते तर गावभर सांगत सुटले असते. मीही गोदामातल्या शिपायाला सांगितलं, त्याने मान डोलावली आणि मीटर ठेवून गेला.

आता ताईगिरी. साहेबांना फोनवर एकच आवाज हवा, तर तूच बोल. पण त्याआधी तुझ्या टोळीतल्या प्रत्येकाकडून तू स्वतः 'उतरलो' घे. तोंडाने. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि फलकावर ते दिसतही नाही. माझं बाकी काही ऐकू नकोस, एवढं ऐक. माझा जीव इथे बसून तुमच्या खांबांना टांगलेला असतो.

पत्र लवकर टाक, नाहीतर मी येऊन कान धरीन.
तुझी ताई


२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. आमची टोळी फलकावर पहिली आली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बाबांच्या खांद्यावर इतक्या वर्षांत कुणी असा हात ठेवला नव्हता.

तू म्हणालीस ते सुरुवातीला केलं. मग घाईघाईत राहत गेलं. पण मी डोळ्यांनी मोजतो, माझी माणसं मला कळतात. तू उगीच जीव टांगून घेऊ नकोस, काढून घे तो खाली. विसरोबाच्या मुलीने त्याच्यासाठी पक्कड बांधायला लाल दोरी विणलीय, कमरेला अडकवायची. ती दोरी तो घरीच विसरून येतो.

सगळे मजेत. तुझ्या शिव्यांची वाट पाहतो.
तुझा धाकटा


९ एप्रिल

ताई,

फोनवर मला नीट सांगता आलं नाही. विसरोबा गेला.

काम झालं होतं. तो खाली होता, मी या डोळ्यांनी त्याला पाणी पिताना पाहिलं. मी फोनवर सगळे उतरले म्हटलं आणि दोर गुंडाळायला वळलो. त्याला पक्कड आठवली. ती वर राहिली होती. कुणाला न सांगता भरभर चढला.

कंट्रोल रूमवरच्या मुलीने लगेच लाइन चालू केली. तिची काय चूक?

त्याच्या तोंडून शब्द घेतला असता तर तो चढला नसता. पक्कड वर गंजत राहिली असती आणि लोक पत्ता सांगत राहिले असते. त्याचा शब्द मी दिला, ताई. मी दिला आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं.

तू ये.


२१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

परत आले, पण मन तिथेच आहे. तुझ्या बायकोला सांगून आले की तुला एकटं सोडू नकोस.

मी निघताना तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला स्टेशनवर देता आलं नाही. साहेब म्हणतात, चौकशीत एवढंच सांग की तो न विचारता चढला. म्हणतात, हे खरंच आहे ना, मग स्वतःचं आयुष्य कशाला नासवतोस. मला कळलं की बोलताना त्यांचेही डोळे भरले होते. असतील. पण असं खरं बोललास तर त्याच्या बायकोला काय उरेल? ती मला धरून सारखं एकच म्हणत होती, किती वेळा सांगितलं होतं ह्यांना दोरी बांधा म्हणून. आपल्या नवऱ्याला त्याच्या विसरण्याने मारलं, असं ती जन्मभर समजत राहील. आणि त्याची मुलगी समजेल, त्या दिवशी आपण दोरी त्याच्या कमरेला अडकवून दिली नाही.

विसरभोळा तर तो नेहमीच होता. म्हणून तर ती रीत होती, विसरणाऱ्या माणसांसाठी.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. नोकरी तुझी आहे, घर तुझं आहे. काहीही केलंस तरी मी तुझी बहीणच आहे. पण त्या बाईच्या दारात तुला कधीतरी जावं लागेल.

जेवत जा. माझ्यासाठी म्हणून जेव.
तुझी ताई


१८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशीच्या आधी मी विसरोबाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला उंबऱ्यातच सगळं सांगितलं, आत जायचं धाडस झालं नाही. ऐकून ती आत गेली. ती लाल दोरी घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर धरली आणि विचारलं, म्हणजे ही कमरेला नसती तरी ते वाचले असते? मी हो म्हटलं. मग ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. मुलीला बोलावून तिने तिला जवळ घेतलं. मला मात्र पुन्हा येऊ नका म्हणाली. बरोबरच आहे.

चौकशीतही तेच सांगितलं. शब्द त्याचा होता, तो मी दिला, आणि असं करायचं साहेबांनी ठरवून दिलं होतं. साहेब टेबलाकडे पाहत राहिले. माझं मुकादमपद गेलं, पुन्हा लाइनमन झालो. पुढे काय ते कळवणार आहेत. साहेबांनी शोकसभा घेतली, फुलं आणली, कुटुंबातला माणूस गेला म्हणाले. ती त्याच फलकाखाली, सगळे उभ्यानेच.

काल त्यानंतरचं माझं पहिलं काम होतं. मी चढलो. काम झालं. उतरल्यावर नव्या मुकादमाने फोन लावला आणि कुणी काही ठरवलेलं नसताना स्वतः न बोलता तो पहिल्या माणसाच्या हातात दिला. तो 'उतरलो' म्हणाला. मग दुसरा. कंट्रोल रूमवरच्या मुलीला काही कळेना, पण ती ऐकत राहिली. फोन शेवटी माझ्याकडे आला. शेवटी नेहमी विसरोबा असायचा. टोळी माझ्याकडे बघत नव्हती, सगळे खाली मान घालून उभे होते.

मी 'उतरलो' म्हटलं. तिने विचारलं, झाले का सगळे, करू का लाइन चालू? मला हो म्हणता येईना. ताई, मी तिला विचारलं, चहा झाला का?

ती बिचारी गोंधळली. जरा थांबून म्हणाली, नाही अजून.