बसतंय ना, मंग झालं

आबा,

लॅपटॉपची मेमरी तुम्हाला समजावून सांगण्यात काही अर्थ नाही हे मला माहीत आहे. जिवंत होतात तेव्हाही कुठल्या वस्तूवरचा आकडा तुम्ही कधी वाचला नाहीत, तर आता काय वाचणार. तरी सांगतेच. कारण ती मेमरी निवडताना महिनाभर मला पावलोपावली तुमचाच राग येत होता, आणि गेलेल्या माणसावर रागावण्याचा एक मोठा फायदा असतो, तो मध्येच बोलून आपलं खरं करत नाही. तुम्ही हयातभर तेवढंच केलंत.

तर झालं असं की सेहेचाळिसाव्या वर्षी मी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कोर्सला नाव घातलं. सर्किटची आखणी कशी करायची ते शिकवतात, घरी बसून, लॅपटॉपवर. हो, तेच इलेक्ट्रॉनिक्स, दहावीनंतर ज्याच्या डिप्लोमाला माझा नंबर लागला होता आणि जिथे तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. तुमच्या जावयांनी काही विचारलं नाही, लेक हसली आणि म्हणाली, कर गं आई. अडलं ते मशीनपाशी. ऑफिसने जुने लॅपटॉप काढून टाकले तेव्हा त्यातला एक मी घेतला होता. त्याची मेमरी चार जीबीची, आणि आखणीच्या सॉफ्टवेअरला हवी आठची. चारवर ते उघडायचं, जरा वेळ विचार करायचं आणि तिथेच गोठायचं. म्हणजे मेमरी वाढवल्याशिवाय कोर्स नाही, इतकं ते सरळ होतं. मी खालचं झाकण खोललं. आत दोन खोबणी, एक भरलेली, एक रिकामी.

मेमरी म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी असते. खालच्या कडेला सोनेरी दात आणि त्या दातांमध्ये एक खाच. दर काही वर्षांनी मेमरीची नवी पिढी येते आणि प्रत्येक पिढीत ती खाच जरा सरकवलेली असते. मुद्दाम. चुकीची पट्टी चुकीच्या खोबणीत जाऊच नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. ज्या कुणी ही युक्ती काढली, त्याच्या घरात तुमच्यासारखा कुणीतरी नक्की असणार.

आठवा, मी तेरा वर्षांची आहे. कुंभिवलीला हायवेच्या कडेला आपलं गॅरेज, पत्र्याचं, पुढे ग्रीसने काळी झालेली जमीन. शाळा सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन येते आणि डबा रिकामा होईपर्यंत सुट्या भागांवर कोरलेले आकडे वाचत बसते. मला ते आकडे आवडतात. एका टेंपोच्या चाकाचं बेअरिंग तुम्ही बदलताय. काढलेल्यावरचा नंबर वेगळा आणि घालताय त्यावरचा वेगळा, हे मला दिसतं, आणि मी ते बोलून दाखवते. टेंपोवाला तुमच्याकडे बघतो. तुम्ही वर न बघता म्हणता, "आकडं वाचून गाडी चालत नाय गं. बसतंय ना? मंग झालं." ते बसत नव्हतंच. तुम्ही कडेने पत्र्याची पट्टी वळवून घातलीत, वरून हातोडी मारलीत आणि ते बसवलंत. टेंपोवाला गेल्यावर मला म्हणालात, "गिऱ्हाइकाम्होरं परत त्वांड उघडलंस तर डबा आणायला येऊ नको." टेंपो चौथ्या दिवशी परत आला, दोरीने ओढत. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि पुन्हा पट्टी घातलीत.

तुमच्या दहाव्याला स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर आले होते. एकजात सगळे मला तेच सांगत होते, "तुज्या बापाच्या हाताला जादू व्हती. कायबी कशातबी बसवायचा." मी मान हलवत होते. मनात म्हणत होते, बाबांनो, तुमची आणि आबांची एवढी घसट का होती ते तरी आठवा. तुम्हाला पुन्हा पुन्हा यावं लागायचं म्हणून होती. चोवीस व्होल्टच्या ट्रकला बारा व्होल्टची वायपरची मोटर लावून, आबा, तुम्ही ऐन श्रावणात त्याच्या ड्रायव्हरला घाटात पाठवलं होतंत. माप तेच होतं ना, बोल्टची भोकंही जुळत होती. अर्ध्या घाटात मोटर जळली आणि तो माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून भिजत खाली उतरला. तोच माणूस दहाव्याला सगळ्यांत जास्त रडला. मला तर त्याची कीवही आली नाही.

दसऱ्याला तुम्ही पान्हे मांडायचात आणि मधोमध ठेवायचात ती कानस. तिलाच सगळ्यांत मोठं झेंडूचं फूल. बरोबरच होतं म्हणा, तुमचा सगळा धंदा तिच्यावर होता. मोठं असेल तर घासा, लहान असेल तर पट्टी घाला, आणि दोन्ही जमत नसेल तर ट्यूबचा तुकडा. घरातही तेच. कुकरची रिंग सैल झाली तेव्हा आई म्हणाली, त्याच मापाची नवी आणा. तुम्ही दुसऱ्या कुठल्या मोठ्या कुकरची रिंग आणलीत, कापलीत आणि पंक्चरच्या सोल्युशनने जोडलीत. तीन दिवस डाळीला रबराचा वास येत होता. चौथ्या दिवशी जोड सुटला आणि वाफेचा फवारा आईच्या मनगटावर. ती मोरीपाशी हात पाण्याखाली धरून उभी आणि तुम्ही दारातून म्हणताय, "हात मागं घ्यायचा नाय का गं?" आईच्या मनगटावर तो डाग शेवटपर्यंत राहिला. पाहुणे आले की ती त्यावर बांगड्या ओढून घ्यायची. तुमच्या जादूबद्दल तिला कधी कुणी विचारलं नाही.

आणि मग मी. डिप्लोमाचं कळलं तेव्हा तुम्ही गाडीखाली झोपला होतात. मी वाकून सांगितलं. तुमचे फक्त पाय दिसत होते. खालूनच तुमचा आवाज आला, "लांब हाय त्ये. कर्जतला कॉमर्सला जागा हाय, मास्तर बोललाय. तितं बस." मी म्हटलं, मला कॉमर्स आवडत नाही. तुम्ही म्हणालात, "आवडून काय करायचंय? बसलीस की बसशील. सगळं बसतंय." पान्हा मागितलात, मी दिला, आणि विषय संपला. आपल्या एकुलत्या एका मुलीचं आयुष्य तुम्ही पाठीवर पडल्या पडल्या ठरवलंत, आणि ठरवण्याचं कारण एवढंच, की तिथे जागा रिकामी होती.

त्यावर बक्षीसही दिलंत. कॅल्क्युलेटर. कुणाचा तरी जुना, तुम्ही दुरुस्त केलेला. आतला सेल दुसऱ्याच मापाचा, तो हलू नये म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद कोंबलेला, वरून चिकटपट्टी. आठचं बटण दाबलं की आकडे गायब व्हायचे. बी.कॉम.ची सगळी वर्षं मी आठ आला की तोंडी हिशोब केला. वर्गातल्या मुलींना वाटायचं मी फार हुशार आहे. पुढे हायवेवरच्याच एका कारखान्यात अकाउंट्सला लागले ती आजवर तिथेच आहे. रोज सकाळी कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसते, पळसदरी मागे पडली की कालच्या बेरजा आज कशा लागतील याचा विचार करते. काम चोख करते. पण एकदाही, आबा, एकदाही त्या कामात माझं मन रमलं नाही. बसवलेल्या वस्तूसारखी राहिले, करकर आवाज करत.

तुमचा मुलगा मात्र अगदी तुमच्यावर गेलाय. गॅरेजच्या जागी त्याने मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलंय. गल्ल्यावर तुमचा फोटो, त्याला प्लास्टिकचा हार. मी लॅपटॉप घेऊन गेले तर त्याने डब्यातून एक मेमरी काढली आणि खोबणीला लावली. जाईना. नव्या पिढीची होती, खाच भलत्याच जागी. त्याने पट्टी डोळ्यांपाशी धरली, खोबणीकडे बघितलं, आणि आबा, तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याचा हात ड्रॉवरमधल्या कानशीकडे गेला. मी त्याच्या हातातून पट्टी अक्षरशः हिसकावली. "आगं ताई, एवडीशी तर खाच हाय," तो म्हणाला, "जरा घासली की बसतीय." मला हसावं की रडावं कळेना. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, एवढ्याशा दुकानात भावावर ओरडत उभी राहिले. बाहेरची दोन गिऱ्हाइकं निघून गेली.

मग त्याने दुसरी शोधली. जुन्या पिढीची, खाच जागेवर, दात तेवढेच, लांबी तीच. सरकन आत गेली. त्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं, "बसली ना? मंग झालं." बटण दाबलं. पंखा फिरला, एक शिट्टी वाजली आणि पडदा काळा तो काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. तो म्हणाला, तुझा लॅपटॉपच गेलेला आहे, नवीन घे. मी ती पट्टी काढली, आणि लॅपटॉप पहिल्यासारखा चालू झाला. चार तर चार.

घरी येऊन मी ते केलं जे तेराव्या वर्षीही करत होते. आत बसलेल्या पट्टीवरचा कागद वाचला. भिंग घेऊन. पिढी तिसरी, पण तिच्या नावाच्या शेवटी इंग्रजी एल. वेग सोळाशे. मग त्या एलचा शोध घेतला. साध्या तिसऱ्या पिढीला दीड व्होल्ट लागतात, एलवालीला त्याहून थोडे कमी, आणि माझं मशीन कमीच देतं. दिसायला दोघी सारख्या, बसतातही दोघी. म्हणून तर मला तुमच्या वायपरच्या मोटरची आठवण झाली आणि मी मोठ्याने तुम्हाला एक शिवी दिली, लेकीने आतून विचारलं काय झालं म्हणून. पुढे बघितलं की मशीन एका खोबणीत जास्तीत जास्त केवढी घेतं, टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरची लांब पट्टी तर आपण बघत नाही ना. सगळं जुळलं तेव्हाच आणखी एक चारची मागवली. यात काही अक्कल लागत नाही. वाचायला लागतं फक्त, आणि जे वाचलं ते खरं मानायला लागतं. तेवढंही तुमच्याच्याने झालं नाही.

पार्सल आलं. तिरकी धरून आत सरकवली, हलकेच खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या पकडी आपोआप बंद झाल्या. जोर लागला नाही. हातोडी नाही, पट्टी नाही, चांदीचा कागद नाही. मशीन सुरू केलं आणि पडद्यावर आठ दिसले. आखणीचं सॉफ्टवेअर झपकन उघडलं. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून घरभर चालले. आणि तुमच्या मुलाला फोन करून एलबद्दल पुरतं व्याख्यान दिलं. तो म्हणाला, "बरं बरं, बसली ना पण?" मी फोन ठेवला.

इथेच हे पत्र संपायला हवं होतं. पण त्याला आता तीन आठवडे झाले, आबा. मशीन उत्तम चालतंय. कोर्सचं पान उघडलं की पहिल्या धड्याचा चौकोन दिसतो, शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा आणि त्यावर बाण. त्या बाणावर मी अजून बोट ठेवलेलं नाही. आधी वाटलं दमले असेन. मग घरात पाहुणे होते. मग वर्षअखेरीचे हिशोब. आज रविवार आहे, दुपार आहे, घरात कुणी नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, या सगळ्या वर्षांत मला कुणी अडवलं होतं? तो धडा उघडला आणि मला काही कळलंच नाही, किंवा त्याहून वाईट, कळलं पण आवडलं नाही, तर मग हा तीस वर्षांचा राग मी कुठे ठेवू?

सकाळी धड्यालाच बसले होते आणि तुम्हाला लिहीत सुटले. नव्या मेमरीवर मी आजवर केलेलं एवढंच काम. हे कुणाला दाखवणार नाही, तुमच्या मुलाला तर मुळीच नाही. हे बंद केलं की मागे तो चौकोन तसाच उघडा आहे, म्हणून बंद करवत नाही. तुमच्यात आणखी काय काय वाईट होतं ते आठवत बसले आहे.