दादाच्या कॅसेटी

४ जून

चि. चिमणीस आत्याचे अ. उ. आ.

तू कॉम्प्युटरवर बसवून दिलेली कॅसेटींची लायब्ररी आज रिकामी झाली. फोनच करणार होते, पण फोनवर मला हल्ली अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाचं घालते. त्यापेक्षा पत्र बरं.

सकाळी कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर दादाची एकही कॅसेट नाही. तुझ्या बाबाला लिहायचा भारी कंटाळा, म्हणून मी परगावी नर्स असताना तो पत्रांऐवजी बोलून कॅसेटी पाठवायचा. त्या सगळ्या तू ड्राइव्हवर उतरवून दिल्यास. तुला एक सांगितलं नव्हतं. गेलं वर्षभर मी एकेक कॅसेट ऐकत होते आणि तिच्या खालच्या चौकटीत दादा काय म्हणाला ते टाइप करत होते. डॉक्टरीणबाई म्हणतात, कान असेच उतरत जाणार. पुढे ऐकू आलं नाही तर निदान वाचता तरी येईल, असा माझा बेत. माझं लिहिलेलंही गेलं का, तेवढं कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझी आत्या

९ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

रागावणार नसशील तर एक विचारते. ड्राइव्ह तू रोज काढून ठेवतेस का? तुझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, त्याला बाहेरचा ड्राइव्ह जोडला की तो एका ठरलेल्या फोल्डरमध्ये दिसतो. लायब्ररी त्या फोल्डरपलीकडे काही बघत नाही. कॉम्प्युटर सुरू झाला की ती सगळं तपासते. तेव्हा ड्राइव्ह जोडलेला नसेल तर फोल्डर रिकामा दिसतो आणि ही बया सगळं गेलं असं समजून नोंदी पुसून मोकळी होते.

ड्राइव्ह जोडून पुन्हा तपासायला सांग, कॅसेटी परत दिसतील. पण तू लिहिलेलं ड्राइव्हवर नव्हतंच, ते लायब्ररीने स्वतःजवळ ठेवलं होतं. ते गेलं, आत्या. गोड करून सांगता येईना, म्हणून सरळ लिहिते. सेटिंगमध्ये गहाळ फाइलींच्या नोंदी काढून टाकण्याची खूण आहे, ती आधी काढ. आणि ड्राइव्ह जागचा हलवू नकोस.

आशीर्वाद असू दे.

तुझी चिमणी

१५ जून

चि. चिमणीस अ. उ. आ.

काढून ठेवत होते, रोज. ऑपरेशन थिएटरमध्ये जन्म गेला. काम संपल्यावर हत्यारं पुसून, मोजून जागेवर ठेवल्याशिवाय मी कधी घरी गेले नाही. तुझा ड्राइव्हही मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात जायचा. सकाळी आधी तो जोडायचा, मग कॉम्प्युटर. त्या दिवशी दारात गॅसवाला उभा, त्या गडबडीत आधी बटण दाबलं गेलं. जपता जपता मीच घात केला.

खूण काढली, कॅसेटी परत आल्या. पुन्हा लिहायला बसले तर दादा घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. वर्षापूर्वी शब्दन् शब्द कळत होता. पहिल्या चौकटीत 'दादा बोलतो आहे' एवढंच लिहिलं आणि उठले. फार वाईट वाटलं गं. तुला दोष देत नाही, तूही स्वतःला देऊ नकोस. उतरवताना तू ऐकल्या असशील ना सगळ्या?

मायेत खंड नको.

आत्या

२४ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

नाही ऐकल्या. आवाज बंद ठेवून पडद्यावरची रेघ हलते की नाही तेवढं बघत होते. बाबा गेल्यापासून त्याचा आवाज ऐकायची छाती होत नव्हती. काल माझ्याकडे ठेवलेली प्रत काढून तुझ्यासाठी लावला. लिहून पाठवते, चौकटीत घाल.

पहिली कॅसेट. बाबा घड्याळांच्या दुकानात बसून बोलतो आहे. मागे टिकटिक चालू. तुला छोटे म्हणतो. हाताला तेल लागलं आहे म्हणून लिहीत नाही, असं सांगतो. ही थाप आहे. गिऱ्हाइकाने पोहताना घड्याळ घातलं, त्याची बरीच निंदा करतो. मी टेबलाशी लुडबुडते आहे, मध्येच मला हात मागे घ्यायला सांगतो. मग, ठेवतो गं छोटे, असं म्हणतो, पण बटण बंद करायला विसरतो. त्यानंतर बराच वेळ तो काम करत गुणगुणतो आहे. सूर साफ चुकलेला.

रडले, पण कॅसेट संपेपर्यंत ऐकलं. दर रविवारी एक लिहून पाठवीन. माझ्याकडच्या प्रतीत कॅसेटच्या शेजारीच वेगळी फाइलही ठेवते, म्हणजे लायब्ररी रुसली तरी बिघडणार नाही.

माया आहे तशी राहू दे.

चिमणी

१ जुलै

चि. चिमणीस अ. उ. आ.

तुझा कागद पोचला, चौकटीत उतरवला. हात मागे घे म्हणाल्यावर तू भोकाड पसरलं होतंस, ते तू सोयीने गाळलंस. मी घातलं आहे.

ते गुणगुणणं मात्र मला माहीतच नव्हतं. ठेवतो गं छोटे म्हणाला की मी कॅसेट बंद करायची. तेव्हा ड्युटीची घाई असायची. गेल्या वर्षी काही घाई नव्हती, तरी तसंच केलं. बोलणं संपलं, आता काय उरलंय, असं वाटायचं.

काल पुन्हा लावली. तुझा कागद मांडीवर ठेवला होता. त्याचं बोलणं संपल्यावरही बसून राहिले. मला काहीही ऐकू आलं नाही. पण तो गातो आहे असं तू लिहिलं होतंस, म्हणून रेघ हलायची थांबेपर्यंत उठले नाही.

रविवार चुकवू नकोस, आणि आहेस तशीच जवळ राहा.

तुझी आत्या